शेजारी बसून सांगितलेली उत्तरं

मुलांनो, येत्या सोमवारी माझ्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन आहे. तुमच्या बाबाने तुम्हाला ‘आजीचा पाय दुरुस्त करायचाय’ एवढंच सांगितलं असेल. ते खरं आहे, पण अर्धं. मी पस्तीस वर्षं लोकांना भूल देण्याचं काम केलं. त्यातली शेवटची पंधरा-सोळा वर्षं एकाच प्रश्नामागे गेली: म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनसाठी भूल दिली, की जागं झाल्यावर त्याचं डोकं पूर्वीसारखं चालतं का? बहुतेकांचं चालतं. काहींचं दोन-चार दिवस बिघडतं आणि जागेवर येतं. थोड्यांचं येत नाही. कोणाचं येणार नाही, हे आधी सांगता येत नाही. आता त्या टेबलावर मी झोपणार आहे, आणि मला पायाची नाही, डोक्याची काळजी आहे.

म्हणून हे आजच लिहिते. शिवाय तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सोमवारच्या आधी लिहून ठेवली तरच तिला अर्थ आहे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजीत मला स्वतःची बाजू फार छान मांडता येते. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो मध्येच थांबला तर थांबू द्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. निदान आमच्या भागात नसायचं. मी दौंडला राहायचे आणि माझी बॅग घेऊन फिरायचे. सकाळी दौंडमध्ये दोन ऑपरेशनं, मग गाडीने शिरूर, तिथे तीन, परत येताना कुठे अडलेलं बाळंतपण. कारेगावच्या बाजूला कारखाने वाढले तसे हात चिरडलेले, बोटं गेलेले लोकही येऊ लागले. उसाचे दिवस असले की ट्रॅक्टरमागे अर्धा-अर्धा तास रखडायचं. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्या कमरेला पाठ आहे, आणि या खुब्याला तोच रस्ता नडला, असं माझं मत आहे. ऑर्थोपेडिकवाला म्हणतो, वय नडलं. पेशंट मला ‘भुलीच्या बाई’ म्हणायचे. चिरफाड करणारा डॉक्टर त्यांच्या लक्षात राहायचा. मी राहायचे नाही, कारण मला पाहिल्यावर ते झोपायचे.

माझ्या संशोधनाला सुरुवात झाली शिरूरच्या बाजारात. मी मेथी निवडत होते आणि भाजी विकणाऱ्या बाईने मला ओळखलं. तिच्या आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला चार-पाच महिने झाले होते. मी विचारलं, आई कशी आहे?

“हाय की. घरी आली, जेवती, हिंडती,” ती म्हणाली. मेथी पिशवीत घालता घालता पुढे म्हणाली, “घरी आली खरी बाई, पन आली न्हाई.”

कागदावर ते ऑपरेशन यशस्वी होतं. मी दौंडला पोचेपर्यंत गाडीत तेच वाक्य घोळत राहिलं.

म्हातारी माणसं भुलीतून उठल्यावर बरळतात, सलाईन उपटतात, पोराला ओळखत नाहीत, हे आम्हाला रोज दिसायचं. लोक म्हणायचे, वात झाला. सर्जन म्हणायचा, दोन दिवसांत उतरेल. दोन दिवसांनी पेशंट घरी जायचा आणि पुढे काय झालं ते कोणीच बघायचं नाही. मी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला काही प्रश्न विचारायचे, नंतर तेच विचारायचे, आणि तीन महिन्यांनी त्याच्या घरी जाऊन पुन्हा तेच.

विलायतेत असे प्रश्न तयार मिळतात. ते मी मराठीत करून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. एका आजींच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, घड्याळाचं चित्र काढा. त्यांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाल्या, “बाई, घड्याळ काडता आलं असतं तर म्या साळंत मास्तरीन नसते का झाले? हितं कशाला पडले असते?” दुसऱ्या एका आबांना विचारलं, आपण आत्ता कुठल्या गावात आहोत? ते म्हणाले, घोडनदी. माझ्या हाताखालच्या मुलीने त्यापुढे फुली मारली. शिरूरला जुनी माणसं घोडनदीच म्हणतात, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. आबांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत होतं.

मग मी माझे सात प्रश्न केले. तारखेऐवजी विचारायचं, बाजार किती दिवसांवर आला? चित्राऐवजी, तुमच्या रानाच्या चारी बाजूंच्या बांधांना कोण कोण लागून आहे? हा प्रश्न मला सर्वांत आवडायचा. ज्याला सुनेचं नाव आठवत नाही तोसुद्धा बांधकरी बिनचूक सांगतो, आणि ज्याला बांध सांगता येत नाही त्याच्यात नक्की काहीतरी हललेलं असतं. मराठी महिने फाल्गुनापासून उलटे म्हणायचे. विळा, बादली, शेवंती हे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारायचे. घरून इथवर कसे आलात, चहा करताना आधी काय टाकता, आणि शेवटी, हे शेजारी बसलंय ते कोण?

या प्रश्नांवर मी एक लेख लिहून परदेशी मासिकाला पाठवला. तो सौजन्याने परत आला. मान्यताप्राप्त चाचणी वापरावी, अशी सूचना होती. मी वापरली नाही. वह्या भरत राहिले.

आता आप्पांची गोष्ट. ते इनामगावच्या बाजूचे, नदीकाठचे बागायतदार. सत्तरी ओलांडलेली. फुलं आणि भाजीपाला करायचे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तर लोक त्यांच्या ओसरीवर यायचे. त्यांना मोठा हर्निया होता आणि पूर्ण भूल द्यावी लागणार होती. आदल्या दिवशी मी प्रश्न विचारायला वॉर्डात गेले. कानात यंत्र असूनही कमी ऐकू यायचं, म्हणून धाकटी सून डोक्यावर पदर घेऊन खाटेशी बसली होती. मी विचारायचे, ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगायची. आमच्याकडे हे नेहमीचंच. म्हाताऱ्या माणसाला एकटं कोणी विचारत नाही आणि एकट्याने कोणी उत्तर देत नाही.

“आप्पा, बाई इचारत्यात, रानाच्या बांधाला कोन कोन हाय? वरल्या अंगाला मामा न्हाईत का आपले?”

“मामा,” आप्पा म्हणाले.

“आन् खालच्या अंगाला नदीच की.”

“नदी.”

“फाल्गुनाच्या मागं काय येतं, आप्पा? माघच ना?”

“माघच,” आप्पा जरा चिडूनच म्हणाले, जणू एवढं साधं काय विचारता.

मी सातच्या सात प्रश्नांपुढे बरोबरची खूण केली.

मला कळत नव्हतं का? कळत होतं. त्या दिवशी माझी चार ऑपरेशनं झाली होती आणि एक बाकी होतं. पाय सुजले होते. सुनेला बाहेर काढायचं, तिची समजूत घालायची, आप्पांच्या कानाशी स्वतः ओरडायचं, या सगळ्याला वीस मिनिटं लागली असती. माझ्याकडे ती होती, मी दिली नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. रक्तदाब, प्राणवायू, सगळं शेवटपर्यंत ठीक होतं. शुद्धीवर येण्याच्या खोलीत नातेवाइकांना मज्जाव होता. तो नियम मीच केला होता, उत्तरं शुद्ध मिळावीत म्हणून. आप्पा जागे झाले. चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र रुमालात बांधून मोठ्या मुलाकडे दिलेलं, आणि मुलाने ते जपून घरी नेऊन ठेवलेलं. मी त्यांच्या कानाशी ओरडून प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर आलं नाही. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. कोणाला तरी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सुनेला बाहेर ठेवून विचारलं, तसंच. आठव्या दिवशी आप्पा घरी गेले तेव्हाही तसंच. मोठा मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. आवाज चढवला नाही.

“बाई, चालता-बोलता मानूस दिला व्हता तुमच्याकडं.”

मी म्हटलं, कधीकधी वेळ लागतो.

“तुमच्या कागदावरच बघा की. आदल्या दिशी समदं बरूबर सांगितलं व्हतं त्यांनी.”

खरंच, माझ्याच कागदावर होतं.

तीन महिन्यांनी नियमाप्रमाणे त्यांच्या घरी गेले. आप्पा पडवीत खुर्चीवर होते, स्वच्छ, दाढी केलेले, आणि गप्प. धाकटी सून शेवंतीच्या रानात तोडणी करत होती, मी तिकडे गेले. बायका दुसऱ्या टोकाला होत्या. ती तोडायची थांबली नाही.

“बाई, तुमचा कायी दोष न्हाई,” ती म्हणाली. “आप्पांचं दोन वर्सं आधीपास्नंच असं हाय.”

“दोन वर्षं? आणि कोणाला कळलं नाही?”

“कसं कळंल? म्या कळू दिलं न्हाई ना. कुनी इचाराय आलं, की म्या च्या घिऊन जायाची आन् तितंच भित्तीला टेकून हुबी ऱ्हायाची. आप्पा म्हंत्यात, औंदा झेंडू नगं, शेवंतीच लावा. आप्पा म्हंत्यात, पानी आधी खालच्या अंगाला जाऊ द्या. मग आप्पा म्हनायचे, व्हय. झालं.”

“म्हणजे शेवंती तू लावलीस?”

ती पहिल्यांदा हसली. “मंग काय आप्पांनी?”

गावाने दोन वर्षं जिचा सल्ला घेतला ती ही बाई होती, पदर खाली ओढलेली. आणि दवाखान्यात मी तिला दाराबाहेर बसवलं तेव्हा आप्पांचा आवाज बाहेर राहिला. भुलीने त्यांचं आणखी काही नेलं नाही, असंही मी म्हणणार नाही. आधी किती होतं तेच माझ्याकडे नव्हतं, मग किती गेलं ते कशावरून मोजू?

“आधी का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुमी आपरेशन केलं नसतं. आन् त्यांचा मान गेला असता.” पुढचं फूल तोडत म्हणाली, “आता बी कुनाला सांगू नगा, बाई. भुलीनं गेलं म्हनल्यावर लोक हळहळत्यात तरी. याड लागलं म्हनल्यावर हसत्याल.”

मी सांगितलं नाही. परिणाम काय झाला तेही लिहिते. त्या आणि आजूबाजूच्या गावांत बरेच दिवस ‘भुलीनं आप्पांचं डोकं गेलं’ हेच चाललं. तिथली एक म्हातारी खुबा मोडून खाटेवर पडली, पण ऑपरेशनला आली नाही. तिच्या मुलाने फोनवर मला स्वच्छ सांगितलं, पायाबरोबर डोकं कशाला घालवायचं? पावसाळा संपता संपता ती गेली. सुनेला दिलेला शब्द मी पाळला आणि त्याची झळ त्या म्हातारीला लागली. हे असंच आहे. याच्याकडे चांगल्या बाजूने बघता येत नाही, मी पुष्कळ दिवस प्रयत्न केला.

आप्पांचं पान मी फाडलं नाही. सातही खुणांवर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘उत्तरं सुनेची.’ मग मागच्या वह्या उघडल्या. किती ठिकाणी शेजारी कोण बसलं होतं ते मी लिहिलेलंच नव्हतं. दहा वर्षांच्या कामातलं कुठलं पान पेशंटचं आणि कुठलं घरच्यांचं, सांगता येईना. त्या दिवसानंतर वह्यांवर माझा पूर्वीसारखा जीव राहिला नाही. भरत मात्र राहिले, सवयीने.

त्या गोष्टीतून एकच नियम निघाला. त्यानंतर मी जिथे जिथे भूल दिली तिथे म्हाताऱ्या पेशंटच्या जाग येण्याच्या वेळी घरचं एक माणूस खाटेशी बसवलं, आणि चष्मा-कवळी घरी जाऊ दिली नाही. प्रश्न विचारताना मात्र तेच माणूस बाहेर. याला संशोधन म्हणत नाहीत. सर्जन कुरकुरले, सिस्टर वैतागल्या, मग सगळ्यांना सवय झाली.

ती सून मागे एकदा बाजारात भेटली. आप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती. व्यापाऱ्याशी ती जोरात भांडत होती, “आमचे आप्पा म्हनायचे, सकाळचा माल दुपारी इकू नगं!” मला बघून डोळा मिचकावला.

आता तुम्हाला सांगायची राहिलेली गोष्ट.

दर रविवारी आपण फोनवर एकमेकांना बघतो. तुम्ही दोघं म्हणता, आजीला सगळं आठवतं. थोरल्या, तुझी परीक्षा कुठल्या विषयाची झाली, धाकटे, तुझ्या मैत्रिणीचा हात मोडला होता तो बरा झाला का, हे मी बरोबर विचारते. माझ्यासोबत राहणाऱ्या मावशी तुम्हाला ठाऊक आहेत, वरवंडच्या, अधूनमधून पडद्यावर येऊन हात हलवतात. बाकी वेळ त्या फोनच्या मागे, माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतात. “आजी, परीक्षेचं इचारा. सायन्सचा पेपर व्हता,” असं हळूच सांगतात. तुम्हाला वाटतं, घरात कोणीतरी बोलतंय. हे साधारण वर्षभर चाललं आहे.

ते कधी सुरू झालं, मला सांगता येत नाही. आधी त्या एखादा शब्द पुरवायच्या. मग मीच फोनच्या आधी विचारू लागले, मागच्या रविवारी काय झालं होतं हो? मी कोणाला फसवते आहे असं मला वाटलंच नाही. गेल्या महिन्यात ऑपरेशनचं ठरलं आणि मी जुन्या वह्या काढल्या. आप्पांचं पान उघडलं, आणि ‘उत्तरं सुनेची’ हे माझं अक्षर वाचलं, तेव्हा लक्षात आलं.

मला भूल देणार आहे ती डॉक्टर माझ्याच हाताखाली शिकलेली. घोडनदीपुढे फुली मारणारी तीच. आता तिचेही केस पिकायला लागलेत. काल ती दौंडला घरी आली आणि मी तिला माझे सात प्रश्न विचारायला लावले. मावशी नेहमीप्रमाणे येऊन बसल्या.

“मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा,” मी म्हटलं.

“म्या बाहेर?” त्या उठल्या नाहीत. “मंग सांगनार कोन?”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

“मीच सांगणार.”

“तुमी?” मावशी म्हणाल्या. “तुमी डाक्टर असताल, पन या घरात कंपौंडर म्या हाय, इसरू नगा.” आणि ताटलीतले शेंगदाणे उचलून बाहेर गेल्या. दार मात्र थोडं उघडं ठेवलं. मी उठून, काठी टेकत जाऊन, ते लावलं.

बाजार किती दिवसांवर, ते चुकलं. बांधाऐवजी तिने विचारलं, आजूबाजूच्या चार घरांत कोण राहतं? तीन घरं आली, चौथं आलं नाही. महिने उलटे म्हणताना मार्गशीर्षापाशी थांबले आणि पुढे जाता आलं नाही. चहा, घरीच होते म्हणून इथवरच्याऐवजी शिरूरपर्यंतचा रस्ता, समोर बसलेलं माणूस, हे बरोबर. विळा, बादली हे आठवलं. तिसरं गेलं. स्वतः निवडलेले शब्द, हजारो वेळा तोंडाने म्हटलेले, आणि तिसरं गेलं.

“मॅडम, तुम्ही दमला आहात,” ती म्हणाली. “परत घेऊ या?”

“नको. आहे तसं लिही. आणि खाली लिही, शेजारी कोणी नव्हतं.”

तिने लिहिलं. तुमच्या बाबालाही मी काल रात्रीच फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, ऑपरेशन पुढे ढकलायचं का? मी नाही म्हटलं. पायाने बसून राहिले तर डोकं आणखी लवकर जाईल, हे मला ठाऊक आहे. सोमवारनंतर जे काही कमी झालेलं दिसेल ते भुलीच्या माथी सगळंच मारू नका, म्हणून हे लिहिलं.

*

इथपर्यंतचं सोमवारच्या आधीचं आहे. आज ऑपरेशनला अकरा दिवस झाले. अक्षर वाकडं येतंय, ते समजून घ्या.

जाग आली तेव्हा नाकावर चष्मा होता आणि स्टुलावर मावशी बसल्या होत्या. तो माझाच नियम, अजून चालू आहे. सिस्टरला मी कोण ते ठाऊकही नव्हतं. ती सगळ्याच म्हाताऱ्यांना तसं करते. मावशी म्हणतात, पहिले दोन दिवस मी त्यांना सारखं सांगत होते, बॅग भरा, शिरूरला कॉल आहे. मला ते आठवत नाही. तिसऱ्या दिवसापासूनचं आठवतं.

आज सकाळी डॉक्टरने पुन्हा प्रश्न विचारले. मावशी न सांगता उठून बाहेर गेल्या. चार घरांतली दोन आली. महिने पौषापर्यंतही गेले नाहीत. तीन शब्दांपैकी बादली उरली. काठीऐवजी वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते. चहा कसा करायचा ते येतं. रस्ता पूर्ण आठवतो, दौंडपासून शिरूरपर्यंत. तुम्ही दोघं कोण ते माहीत आहे, आणि दोघांची नावं मी आज कोणाला न विचारता या कागदाच्या मागे लिहिली आहेत.